शब्दाला आधी गाव विचारणाऱ्या शैलाताई

शैलाताई बोकील यांना मी पहिल्यांदा भेटलो ते दोन हरवलेल्या याद्या शोधता शोधता. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात शिकाऊ म्हणून नुकताच लागलो होतो. चेकोस्लोव्हाकियाहून एक मोठे यंत्र आले होते. त्याच्या खोक्यात जो नकाशा सापडला त्याच्या कोपऱ्यात ‘लिस्ट ३’ असे छापलेले होते. भांडारातल्या बाबूंनी लगेच लिहून टाकले, की यादी क्रमांक एक आणि दोन गहाळ आहेत, त्या मिळेपर्यंत यंत्र खोक्यातून बाहेर काढायचे नाही. दोन दिवस आम्ही चौघे जण भुसा उपसत होतो. तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणाले, तो कागद घेऊन बोकील मॅडमकडे जा.

मॅडम ड्रॉइंग ऑफिसच्या मागच्या लहान खोलीत बसत. जर्मन आणि रशियन कागदपत्रांचे भाषांतर करणे हे त्यांचे काम. चेक आणि पोलिश त्या स्वतःच्या हौसेने शिकल्या होत्या, तेही केवळ पुस्तकांवरून. मी कागद पुढे केला आणि या लिस्टच्या आधीच्या दोन लिस्टा कुठे असतील, असे विचारले. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि मला उलट प्रश्न केला, “हा शब्द कुठला आहे?” मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणालो, इंग्रजी. त्या म्हणाल्या, “यंत्र चेक, नकाशा चेक, मग एवढा एकच शब्द इंग्रजी काहून असेल? चेकमध्ये लिस्ट म्हणजे पान. झाडाचंही पान आणि कागदाचंही पान, आपल्या मराठीसारखंच. तू नकाशाचं तिसरं पान घेऊन आला आहेस. पहिली दोन पानं भिंतीवर लावण्यासाठी परवाच इथे आली.”

ती दोन पाने खरोखरच त्यांच्या मागच्या भिंतीवर टाचलेली होती. मी ओशाळलो. त्यांनी मला बसवले, डब्यातली अर्धी पोळी दिली आणि टेबलाखालून एक लांबट पुठ्ठ्याची पेटी काढली. तीत शेकडो कार्डे होती. प्रत्येक कार्डावर एकच शब्द आणि त्याखाली देशादेशांची नावे. युरोपातल्या निरनिराळ्या भाषांत जे शब्द सारखेच लिहिले किंवा उच्चारले जातात पण ज्यांचा अर्थ वेगळा, मूळही बहुधा वेगळे, असे शब्द त्या गोळा करत होत्या. ‘लिस्ट’चे कार्ड त्यांनी मला वाचून दाखवले. इंग्रजीत यादी, कारण कागदाची लांब पट्टी, आणि ती पट्टी कापडाच्या काठावरून आलेली. जर्मनमध्ये चलाखी, कपट. त्याचे मूळ जाणण्यात आणि शिकण्यात. चेक आणि रशियनमध्ये पान. पोलिशमध्ये पत्र. “दिसायला एक आणि घराणी तीन,” त्या म्हणाल्या. मी हो हो म्हणून मान डोलावली. खरे सांगायचे तर माझे लक्ष पोळीबरोबरच्या लोणच्याकडे होते. त्या दुर्लक्षाची आठवण मला पुढे फार वर्षांनी झाली. ते सांगण्यासाठीच मुख्यतः हा लेख लिहीत आहे.

कारखान्यात त्यांना सगळे मॅडम म्हणत, त्यांच्या नेपियर टाउन वस्तीत शेजारीपाजारी दीदी म्हणत आणि आमच्यासारख्या मराठी घरांत त्या शैलाताई. नोकरी करता करता मी त्यांच्याकडून जर्मन शिकलो. पुढे नोकरी सोडून भाषेचा वर्ग काढायचे ठरवले तेव्हा माझ्याकडे जागा नव्हती. ताई तोपर्यंत निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी आपली पुढची खोली रिकामी करून दिली. त्यांचे यजमान अनंतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी स्वतः फळा भिंतीला ठोकला. आज या वर्गात परिचारिका येतात, वेल्डर येतात, परदेशी शिकायला जाणारी मुलेमुली येतात. ताई आठवड्यातून तीन दिवस शिकवतात. नव्या विद्यार्थ्याला त्या पहिल्या दिवशी त्याच्या गावाबद्दल, घरातल्या माणसांबद्दल विचारतात आणि ते वहीत लिहून ठेवतात. दोन वर्षांनी तो विद्यार्थी फोन करतो तेव्हा त्या त्याच्या आजीच्या गुडघ्याचे कसे आहे ते नाव घेऊन विचारतात.

त्यांचा माझ्या घराशी असलेला जिव्हाळाही सांगायला हवा. माझी मुलगी इरा हिला मराठी कळते, पण बोलताना ती दोन वाक्यांत हिंदीवर येते. नातेवाईक तिला हसत आणि त्यामुळे ती गप्पच राहू लागली होती. शैलाताईंनी तिला कधी टोकले नाही. तिच्या दहाव्या वाढदिवसानंतर त्यांनी तिला टपालाने पत्रे पाठवायला सुरुवात केली. आमचे घर त्यांच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर, तरी दर आठवड्याला तिकीट लावलेले अंतर्देशीय पत्र येई. त्यात त्यांच्या अंगणातल्या मांजरीच्या खोड्या असत आणि शेवटी एक प्रश्न. प्रश्नाचे उत्तर द्यायचे म्हणून इरा लिहू लागली. सुरुवातीची तिची पत्रे अर्धी हिंदी होती. ताईंनी ती तशीच स्वीकारली आणि उत्तरात तेच शब्द मराठीत, सहज आल्यासारखे, वापरले. आज इरा बंगळुरूला नोकरी करते आणि आईला मराठीत पत्र लिहिते. त्यामागे किती आठवड्यांचा धीर आहे हे आम्ही घरचेच जाणतो.

आता त्या प्रसंगाकडे येतो. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शैलाताई बहिणीला भेटायला नागपूरला गेल्या होत्या आणि वर्ग मी एकटा पाहत होतो. एका दुपारी जबलपूरजवळच्या पाटणहून सुनीता नावाची एक बाई आली. तिचा नवरा हरीश वेल्डर. एका एजंटामार्फत तो कामाला गेला होता. घरच्यांना माहीत होते ते एवढेच, की तो जर्मनीला गेला. प्रत्यक्षात त्याला सीमेपलीकडे पोलंडमधल्या एका गावात काम दिले होते, पण हे सुनीताला नीट ठाऊक नव्हते आणि मी विचारले नाही. त्याच्या खोलीच्या दारात कोणीतरी एक छापील चिठ्ठी टाकून गेले होते. त्याने मोबाइलवर तिचा फोटो काढून बायकोकडे पाठवला होता, कारण तिथे त्याला ती वाचून दाखवणारे कोणी नव्हते आणि नेपियर टाउनमध्ये जर्मन शिकवतात हे तिने ऐकले होते.

फोटो अंधुक होता. अर्धी चिठ्ठी घडीत गेलेली. एक शब्द मात्र ठसठशीत दिसत होता, ‘लिस्ट’, आणि त्याच्यापुढे पेनाने फुली मारलेली. मी फोटो माझ्या फोनवर मागून घेतला, मोठा करून पाहिला आणि विद्यार्थ्यांसमोर, खुर्चीवर बसल्या बसल्या, निकाल दिला. हा जर्मन शब्द आहे, याचा अर्थ कपट, फसवणूक. एजंटांच्या फसवणुकीच्या बातम्या मी वाचतच होतो. त्यात हे चपखल बसले. मी तिला सांगितले की प्रकरण गडबडीचे दिसते, नवऱ्याला सांगा, दार उघडू नको, कशावर सही करू नको, आणि तुम्हीही अनोळखी फोन उचलू नका. जाताना तिने मला वाकून नमस्कार केला. तो नमस्कार आठवला की आजही मला खाली बघावेसे वाटते.

चार दिवसांनी सकाळी शैलाताई नागपूरहून परतल्या. तिलवाऱ्याच्या पुलावर गाड्या खोळंबल्यामुळे त्या दमून आल्या होत्या. अनंतरावांनी चहा ठेवला. मी वर्गाच्या बातम्या देता देता, थोड्या फुशारकीनेच, सुनीताची हकीकत सांगितली. ताईंनी कप खाली ठेवला आणि फोटो मागितला. भिंग घेऊन त्या खिडकीपाशी गेल्या. मग मला जवळ बोलावून म्हणाल्या, “मिलिंद, या शब्दाचं पहिलं अक्षर बघ. मोठं आहे की लहान?”

अक्षर लहान होते. जर्मन भाषेत प्रत्येक नामाचे पहिले अक्षर मोठे असते. हा नियम मी दर वर्गाच्या दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहितो. ताईंनी मग भिंग त्या शब्दाच्या बाजूला नेले. घडीत दडलेल्या एका शब्दातले एक अक्षर खालून शेपटी काढलेले होते. “हे पोलिश आहे,” त्या म्हणाल्या. “लिस्ट म्हणजे पत्र. त्याच्या नावानं रजिस्टर पत्र आलं आहे. तो घरी नव्हता म्हणून पोस्टमन चिठ्ठी टाकून गेला. पत्र पोस्टात ठेवलं आहे, चौदा दिवस ठेवतात आणि मग परत पाठवतात.” तारीख अंधुक होती. त्यांनी ती दोनदा मोजली. मुदतीला आता दोनच दिवस उरले होते.

परक्या देशात मजुराला रजिस्टर पत्र कोण पाठवील? सरकार, नाहीतर मालक. आम्ही दोघेही हे समजलो. मी सुनीताला फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. अनोळखी फोन उचलू नका असे मीच तिला बजावले होते. ताईंनी माझ्याकडे पाहिले आणि अनंतरावांना म्हणाल्या, गुडघ्याचा पट्टा द्या, आम्ही पाटणला जाऊन येतो. त्या रात्रभराच्या प्रवासातून आलेल्या होत्या, वय बहात्तर. मी एकटा जातो म्हणालो तर त्या म्हणाल्या, “तिथून त्याच्या पोस्टातल्या माणसांशी बोलावं लागलं तर पोलिश कोण बोलणार?” अनंतरावांनी डब्यात पोहे भरून दिले आणि आम्ही बस पकडली.

सुनीता मंडीजवळ राहते आणि ब्लाउज शिवते, एवढेच मला माहीत होते. पाटणला उतरून आम्ही कापडाच्या एका दुकानात विचारले. दुकानदाराने गल्ली दाखवली. सुनीताने दार अर्धेच उघडले. चार दिवसांत तिचा चेहरा ओढून गेला होता. मला पाहून ती आणखीच घाबरली. मी बोलायला तोंड उघडणार तोच ताई पुढे झाल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “बेटी, उसमें धोखे की कोई बात नहीं है. पढ़ने में गलती हमारी क्लास से हुई. तुम्हारे पति की चिट्ठी आई है, डाकघर में रखी है.”

गलती हमारी क्लास से हुई. ताई त्या दिवशी वर्गात नव्हत्या, शहरातही नव्हत्या. सुनीता तिथेच उंबऱ्यावर बसली आणि रडू लागली. तिच्याकडून कळले ते असे. माझे बोलणे तिने नवऱ्याला जसेच्या तसे सांगितले होते. त्या दिवसापासून तो कामावरून आला की खोलीत दिवा न लावता बसत होता. आपल्यावर कोणीतरी फसवणुकीचा आळ घेतला आहे असे त्याच्या मनाने घेतले होते. उद्याच तो खोली आणि काम दोन्ही सोडून लांबच्या एका गावी ओळखीच्या माणसाकडे जाणार होता. सामान बांधून झाले होते.

सुनीताने त्याला फोन लावून दिला. तिकडे सकाळ होती आणि सुदैवाने त्याची पाळी दुपारची होती. ताईंनी त्याला आधी जेवलास का विचारले, मग सगळे समजावून सांगितले. तो विश्वास ठेवायला तयार नव्हता. एकाने फसवणूक म्हटले, आता दुसऱ्या बाई पत्र म्हणतात. त्याचे चुकत नव्हते. ताई चिडल्या नाहीत. त्यांनी त्याला चिठ्ठी समोर धरायला लावली आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचायला लावले. मग म्हणाल्या, पोस्टात जा, फोन चालू ठेव, मी इथेच बसते. पोस्टात बोलायचे एक वाक्य त्यांनी त्याच्याकडून पाच वेळा घोकून घेतले. पासपोर्ट घ्यायला सांगितले.

पाऊण तास आम्ही शिलाई मशीनशेजारी बसून होतो. मग फोनमधून खिडकीवरच्या बाईंचा आवाज आला. हरीशने वाक्य म्हटले. बाई भराभर काहीतरी म्हणाल्या. तो गडबडला आणि त्याने फोनच खिडकीपुढे धरला. शैलाताई पस्तीस वर्षे पोलिश वाचत आल्या होत्या, पण कोणा पोलिश माणसाशी त्या एक वाक्यही बोलल्या नव्हत्या. मी पाहिले, त्यांची बोटे पदराचे टोक पिळत होती. त्यांनी अगदी हळू, शाळेत पाठ म्हणावा तसे, काही सांगितले आणि जरा सावकाश बोला अशी विनंती केली. पलीकडचा आवाज थांबला, मग खरोखरच सावकाश झाला. दोन-तीन प्रश्नोत्तरे झाली. कागदावर शिक्का मारल्याचा आवाज आला. मग त्या बाईंनी आणखी काहीतरी विचारले आणि ताई हसल्या. त्यांना विचारले होते, तुम्ही आमची भाषा कुठे शिकलात. ताईंनी उत्तर दिले, घरी, पुस्तकांतून.

हरीशने पत्र फोडून त्याचा फोटो पाठवला. ते तिथल्या सरकारी कार्यालयाचे होते. हरीशच्या राहण्याच्या परवान्यासाठी मूळ कागद घेऊन आणि बोटांचे ठसे द्यायला अमुक दिवशी हजर राहा, नाहीतर अर्ज निकालात काढला जाईल, असे त्यात लिहिलेले होते. तो दिवस आठवड्यावर आला होता. ताईंनी कोणते कागद लागतील ते त्याला लिहून घ्यायला लावले. सुनीताने डोळे पुसून आमच्यासाठी चहा टाकला आणि चार दिवसांत पहिल्यांदा स्वतःही काहीतरी खाल्ले. अनंतरावांचे पोहे आम्ही तिघांनी वाटून घेतले.

परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, ताई, हाच शब्द तुम्ही मला पहिल्या दिवशी समजावला होता. त्या म्हणाल्या, “मला आठवते ना. तू तेव्हा लोणचं पाहून राहिला होतास.” मग थोड्या वेळाने त्यांनी मला जे सांगितले ते त्यांच्या परवानगीने इथे लिहीत आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात युगोस्लाव्हियाच्या एका यंत्राचे पुस्तक त्यांच्याकडे आले होते. त्यातल्या एका शब्दाचा तिथल्या भाषेत अर्थ होता सरळ. रशियनच्या सवयीने त्यांनी लिहिले, उजवीकडे. त्याप्रमाणे दांडा फिरवताना एका फिटरचा अंगठा चेपला, दोन महिने पट्टीत राहिला. चौकशी झाली तेव्हा वयस्क फोरमनने सांगितले की कागद मी तपासला होता, चूक माझी. खरे तर फोरमनने तो पाहिलाही नव्हता. शैलाताईंनी स्वतः जाऊन साहेबांना खरे सांगितले, पण फोरमनने आपला जबाब बदलला नाही. त्यानंतर दोन महिने त्या दर रविवारी त्या फिटरच्या घरी जात आणि त्याच्या मुलांचा अभ्यास घेत. कार्डांची पेटी त्यांनी त्याच आठवड्यात सुरू केली. पेटी पाहून आम्ही सगळे त्यांच्या विद्वत्तेचे कौतुक करत आलो. तिच्या तळाशी एक चेपलेला अंगठा आहे हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते.

“काहून इतका मनाला लावून घेतो?” उतरताना त्या म्हणाल्या. “उद्या वर्गात सांग, मी असं वाचलं आणि असं होतं. मुलांना उपयोग होईल.” मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले. ते ऐकायला त्या मुद्दाम शेवटच्या बाकावर येऊन बसल्या होत्या.

हरीशला परवाना मिळाला. गेल्या हिवाळ्यात तो सुट्टीवर आला तेव्हा नवराबायको दोघेही शैलाताईंना भेटायला आले. तो आता बऱ्यापैकी पोलिश बोलतो. ताईंशी तो पोलिशमध्ये बोलला आणि ताईंनी दोन ठिकाणी स्वतःचे उच्चार त्याच्याकडून दुरुस्त करून घेतले. बहात्तराव्या वर्षी त्या ज्या भाषेत पहिले वाक्य बोलल्या, ती भाषा आता एक वेल्डर त्यांना शिकवत होता आणि त्या वहीत लिहून घेत होत्या. सुनीता अनंतरावांजवळ बसून हे पाहत होती. तिने ताईंसाठी स्वतः शिवलेला ब्लाउज आणला होता, मापाशिवाय, नुसत्या नजरेने घेतलेल्या अंदाजाने, आणि तो ताईंना अगदी बरोबर बसला.

या गौरवग्रंथासाठी काय लिहू, असे मी महिन्याभरापूर्वी ताईंना विचारायला गेलो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा त्यांचा काळा चष्मा अजून उतरला नव्हता. समोर हंगेरियनचे पहिले पुस्तक उघडे होते. वर्गातली एक परिचारिका पुढच्या वर्षी बुडापेस्टला जाणार आहे, तिच्यासाठी त्यांनी ही भाषा घेतली आहे. कशी आहे, असे विचारल्यावर म्हणाल्या, “फार कठीण, शेजारच्या कोणाशीच नातं लागत नाही. नीट यायला सात-आठ वर्षं तरी लागतील.” हे त्यांनी इतक्या सहजपणे म्हटले की जणू सात-आठ वर्षे शेजारच्या खोलीत ठेवलेली आहेत आणि उठून फक्त आणायची आहेत.

आम्हा सर्व विद्यार्थ्यांची इच्छा तेवढीच आहे, किंवा त्याहून थोडी जास्त. शैलाताईंना हंगेरियन नीट येवो, बारीक अक्षर वाचणारी नजर आणि पाटणच्या बसची पायरी चढणारे गुडघे त्यांना तोवर साथ देवोत, अनंतरावांच्या हातचा चहा त्यांना रोज मिळो; आणि ती भाषा आली, की तिच्या पुढच्या भाषेचे पहिले पुस्तक आणायला त्यांनी आम्हांपैकीच कोणाला तरी बाजारात पाठवावे.